उंचीने भागायची राहिलेली उडी

शेठ,

तुमच्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं आणि मी दीड मिनिटात खाली बसलो. लोकांना वाटलं, दत्तरावांना गहिवरून आलं. तसं नव्हतं. मला एकच गोष्ट सांगायची होती आणि ती तिथं, तुमच्या मुलांसमोर आणि सगळ्या बाजारपेठेसमोर, सांगण्यासारखी नव्हती. म्हणून 'परतूरसारख्या गावात शेठनी मुलींच्या पायांना चाकं लावली' हे वाक्य मी बोललो. माझ्या आधी तिघांचं तेच वाक्य बोलून झालं होतं.

राहिलेली गोष्ट आता लिहितो. ती माझ्या मुलीची, गौरीची आहे, माझी आहे, आणि तुम्ही माझ्यासमोर वहीवर ठेवलेल्या तळहाताची आहे. तुम्ही गेलात त्याला आज सोळा दिवस झाले. तुम्ही होतात तेव्हा मला ती सांगायला दोन वर्षं मिळाली होती.

आपली ओळख टेपवरून झाली. तुम्ही आमच्या मोजणी कार्यालयात आलात आणि साहेबांना सोडून सरळ माझ्या टेबलाशी उभे राहिलात. म्हणालात, "जमीन न्हाई मोजायची. पोरींचा फेरा मोजायचाय." पाण्याच्या मोटारी आणि पाइप विकणारा माणूस पोरींचा कसला फेरा मोजतो, मला कळेना. तुम्ही लहानपणी हैदराबादला मामाकडे शिकायला होतात, तिथं स्केटिंग शिकलात, आणि आता बाजार समितीच्या आवारातल्या सिमेंटवर मुलींना शिकवता, हे तुम्ही उभ्या उभ्या सांगितलं. रविवारी मी टेप घेऊन आलो. तुम्ही पावलांनी दोनशे मीटर आखलेला फेरा टेपनं एकशे ब्याऐंशी भरला. मी आकडा सांगितला तसे तुम्ही कपाळाला हात लावून खालीच बसलात. "अरे भई, एका मिनटात तुम्ही माझ्या सगळ्या पोरी हळू करून टाकल्या!"

त्या दिवसापासून मी तुमचा मोजणारा झालो. गौरीला मी पुढच्या रविवारी सोबत आणलं. सहज आणलं होतं, बघायला. ती घरी परत आली ती दोन्ही गुडघे फोडून, आणि तुमच्याकडून उसने घेतलेले स्केट्स पिशवीत घालून.

दिवाळीनंतर आवारात कापूस यायला लागला की आपला फेरा गाड्यांखाली जायचा. तीन-चार महिने सिमेंट दिसायचं नाही. मला वाटलं होतं, तेवढे दिवस सुट्टी. तुम्ही म्हणालात, "चाकं बंद, पाय चालू." शाळेच्या मैदानावर तुम्ही मुलींना दोरीवर उड्या मारायला लावल्या, पायऱ्या चढायला लावल्या, आणि ती बैठक धरायला लावली: गुडघे वाकलेले, पाठ जमिनीला समांतर, हात मागे बांधलेले, पायात चाकं नाहीत. पहिल्या मिनिटाला मुली एकमेकींकडे बघून हसायच्या, दुसऱ्याला गप्प व्हायच्या, तिसऱ्याला त्यांच्या मांड्या थरथरायला लागायच्या. तुम्ही त्यांच्यामधून फिरत बोलत राहायचात. "शर्यत चाकं जिंकत न्हाईत, बाई. मांडी जिंकते. मांडीला कंबर धरून ठेवते. अन् दोघींना दम पुरवावा लागतो. तिघींमधली एक जरी रुसली ना, की बाकीच्या दोघी बसल्या घरी."

मीच विचारलं होतं, की हे सगळं वाढतंय हे कळणार कसं? तुम्ही म्हणालात, दिसतं की. मी म्हणालो, मला दिसत नाही, मला आकडा लागतो. तुम्ही हसलात आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून एक लांबडी वही आणून माझ्या हातात दिलीत.

आठ चाचण्या आपण दोघांनी बसून ठरवल्या. सकाळी उठल्याबरोबरची नाडी. बैठक किती सेकंद टिकते ते. उभ्यानं मारलेली लांब उडी. खडूच्या दोन रेघांवरून अर्ध्या मिनिटात आडव्या उड्या. डोळे मिटून एका पायावर उभं राहणं. पाय लांब करून बसल्यावर बोटं कुठवर पोचतात ते. दीड किलोमीटर धावणं. आणि तीन मिनिटं पायरीवर चढउतार करून, एक मिनिट थांबून पुन्हा नाडी. प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण, एकूण ऐंशी.

नाडीवरून आपलं पहिलं भांडण झालं. तुम्ही पंधरा सेकंद मोजून चारनं गुणत होतात. मी म्हणालो, एक ठोका चुकला की चार चुकतात, पूर्ण मिनिट मोजा. तुम्ही मान्य केलंत, लगेच, मुलींसमोर. मला फार बरं वाटलं. मग पायरीच्या चाचणीनंतरही मी पूर्ण मिनिट मोजायला लागलो, तेव्हा तुम्ही माझ्या हातातलं घड्याळ धरलंत. "इथं न्हाई, दत्तराव. पोरीचा दम खाली येऊन राह्यला. मिनिटभर मोजाल तर वरचा अन् खालचा सगळा एकात कालवाल. इथं पंधराच." मी विचार केला. तुमचं बरोबर होतं. उभी असलेली वस्तू जितका वेळ मोजावी तितकी अचूक येते, पण चालती वस्तू तशी मोजता येत नाही. एवढी वर्षं बांध मोजले, पण बांध कधी चालला नाही, त्यामुळे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हे मी तुम्हाला तेव्हा बोलून दाखवलं नाही. नुसतं 'बरं' म्हणालो.

आपलं खरं भांडण मात्र 'एकूण' या रकान्यावर होतं आणि ते शेवटपर्यंत मिटलं नाही. मला बेरीज हवी होती. ऐंशीपैकी किती, म्हणजे कोण कुठं आहे ते एका नजरेत कळतं. तुम्हाला तो रकाना डोळ्यांसमोर नको होता. तुम्ही म्हणायचात, बेरजेत दुखणं लपतं. एकीचा दम छान आणि तोल वाईट, दुसरीचा तोल छान आणि दम वाईट, दोघींची बेरीज साठ. मग सोमवारी कुणाला काय शिकवायचं, ते साठ सांगतं का? मी म्हणायचो, निवड करायची तर एकच आकडा लागतो. मग तुम्ही माझ्या वडिलांवर यायचात. ते वाटूरकडच्या माळावर मेंढरं राखायचे, हे तुम्हाला मीच कधीतरी सांगितलं होतं.

"तुमचे वडील सांजच्याला काय सांगायचे घरात? मेंढरं चाळीस?"

"हो. चाळीस."

"झूट. आधी सांगायचे, कोनती लंगडून राह्यली. मंग चाळीस."

तेही खरं होतं. पण शेठ, तुम्ही दुकानदार असून हिशेबाला नावं ठेवता, असं म्हणून मी हसण्यावारी नेलं. हसण्यावारी न्यायची माझी ती पद्धतच होती. तुम्हाला ती ओळखू येत होती, असं आता वाटतं.

दोन वर्षांपूर्वी विभागाच्या निवडचाचणीला आपल्याला चारच मुली न्यायच्या होत्या. त्या वर्षी कापूस लांबला. आवार रिकामं होईना, त्यामुळे सिमेंटवर शर्यत लावून चौघी निवडायचा रस्ता बंद झाला. ठरलं की वहीवरून निवडायचं. सगळ्या मुलींची आठही चाचण्यांची मापं आपण घेतली. आफरीन चौथी आली, सत्तावन्न गुण. गौरी पाचवी, पंचावन्न.

आफरीनबद्दल माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं, आजही नाही. घनसावंगीच्या रस्त्यावर जीप चालवणाऱ्या शेख भाईंची ती पोरगी, कष्टाळू, उंच, सरळ मनाची. तिनं तिथं जाऊन आपलं नाव राखलं. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कुणाला वेगळं वाटायला नको.

यादी लावायच्या आदल्या दिवशी तुम्ही मला दुकानात बोलावलंत. काउंटरवर वही उघडी होती.

"दत्तराव, ही उडी उंचीनं भागा."

"काय म्हनता?"

"लांब पोरीची उडी लांबच पडनार ना. टांगच लांब आहे तिची. जिला स्वतःचं अंग ढकलायचं, तिची उडी तिच्या अंगाशी मोजा."

"नियम मधेच बदलत न्हाईत, शेठ."

"मधेच कुठं? यादी अजून माझ्या खिशात आहे."

मग मी ते वाक्य बोललो. "गौरी पाचवी आली म्हनून म्हनता का?"

तुम्ही चिडला नाहीत. वही माझ्याकडे फिरवलीत आणि नावांच्या रकान्यावर तुमचा रुंद तळहात पालथा ठेवलात. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत सगळी नावं झाकली गेली. "आता सांगा. नावं न्हाईत. एक पोरगी उंचीला एकशे अडतीस, उडी एकशे बावन्न. दुसरी एकशे चौपन्न, उडी एकशे पासष्ट. कोन चांगलं उडलं?"

"हात काढा, शेठ."

"उत्तर द्या, मंग काढतो."

"हात काढा."

तुम्ही हात काढलात. खिशातला कागद काढून माझ्यापुढं सरकवलात आणि म्हणालात, "लिहा मंग यादी. अक्षर तुमचं चांगलं आहे."

मी लिहिली. अक्षर चांगलंच आलं.

आता जे तुम्हाला माहीत नव्हतं ते. तो भागाकार मी आदल्याच दिवशी करून बसलो होतो. कार्यालयात, जेवणाच्या सुट्टीत, एका रद्दी कागदाच्या पाठीमागं. तुम्ही सुचवायच्या आधी मलाच ते सुचलं होतं, कारण उड्या मोजताना मीच बघत होतो की बुटक्या मुली मागं पडतात. गौरीचं एक पूर्णांक दहा शतांश आलं, आफरीनचं एक पूर्णांक सात शतांश. दोनदा तपासलं. त्या हिशेबानं गुण पुन्हा लावले तर गौरी अठ्ठावन्नवर जात होती आणि आफरीन पंचावन्नवर येत होती. पाचवीची चौथी होत होती. मी तो कागद फाडला आणि डबा बंद केला.

उंचीनं भागणं हे शास्त्राला धरून होतं की तुमचा अंदाज होता, ते मला आजही ठाऊक नाही. कदाचित चूकही असेल. त्यावर मी तुमच्याशी वाद घालू शकलो असतो आणि तो वाद प्रामाणिक झाला असता. पण मी त्या कारणानं नाही म्हणालो नव्हतो. मी नाही म्हणालो, कारण मला ऐकू येत होतं: मोजणारा बाप आणि पोरगी चौथी. आमच्या कामात माणसाजवळ एकच गोष्ट असते, की याचा टेप कुणाकडं झुकत नाही. तो माझ्या बाजूला झुकला असं कुणी म्हणू नये, म्हणून मी तो पोरीच्या विरुद्ध ओढला. मग त्याला नियम हे नाव दिलं. आणि तुम्ही मला बाजूला सारू शकत असूनही माझ्या शब्दाला मान दिलात.

गौरी त्या दिवशी यादीसमोर उभी राहिली, बोटानं चार नावं मोजली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ठीक आहे, पप्पा." पुढच्या आठवड्यात तिचा गुडघा दुखायला लागला. मी तेल लावायला सांगितलं. बायको, सुनंदा, मला म्हणाली, "तेलानं जानारं दुखनं आहे का ते?" महिनाभर पोरगी मैदानावर गेली नाही.

मग एका संध्याकाळी तुम्ही घरी आलात. मला वाटलं, माझ्याकडे आलात. तुम्ही चहा घेतलात, सुनंदाला मोटारीच्या आवाजाबद्दल विचारलंत, आणि गौरी पाणी घेऊन आली तसं तिच्याकडे न बघताच म्हणालात, "गौरीबाई, सकाळची नाडी किती आली?"

"चौसष्ट," ती म्हणाली.

मी कप खाली ठेवला. पोरगी मैदान सोडून बसली होती आणि रोज सकाळी अंथरुणात मानेवर बोटं धरून नाडी मोजत होती. घरात राहून मला ते माहीत नव्हतं. तुम्ही चार किलोमीटरवरून येऊन ते विचारलंत.

"पहिले किती व्हती?"

"अडुसष्ट."

"मंग? गुडघा दुखून राह्यला म्हंता, अन् दम वाढून राह्यला. काय करता काय लपून?"

तेव्हा ती हसली. गच्चीवर दोरीच्या उड्या मारते म्हणाली, आई दुपारी झोपली की. "वा रे वा," तुम्ही म्हणालात, "अन् आम्हाला वाटलं लंगडी झाली. उद्या जल्दी या, तुमच्याशिवाय त्या बैठकीत सगळ्या मुंड्या वर करून राह्यल्यात." दुसऱ्या दिवशी ती गेली. मी तुमचे साधे आभारही मानले नाहीत. आभार मानले असते तर कशाबद्दल ते बोलावं लागलं असतं.

जालन्याच्या दवाखान्यात मी तुम्हाला भेटायला आलो तो तुमचा दुसरा दिवस. उशाशी ते यंत्र होतं, त्यावर तुमच्या नाडीचा हिरवा आकडा बदलत होता. तुम्ही मला खुणेनं जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही सांगायचं आहे. तुम्ही दम घेत घेत म्हणालात, "याला विचारा, हे पंधराचं चारपट करतं का पूर्ण मिनिट?" तुमचा धाकटा रडता रडता हसला. मी तुमचा हात हातात घेतला होता, तोच तळहात. मी म्हणायला तोंड उघडलं, शेठ, ती उडी... आणि म्हणालो, "लवकर या घरी. पोरी वाट पाहून राह्यल्या." तुम्ही डोळे मिटलेत. झोप लागली असावी. तिसऱ्या दिवशी तुम्ही नव्हतात.

तुमच्यामागं मैदान कुणी बघायचं, हा प्रश्न तेराव्यानंतर आला. मुली घरी आल्या, शेख भाईही आले. वही माझ्याकडे होती म्हणून सगळे माझ्याकडे आले. मी हो म्हणालो, पण हो म्हणायच्या आधी एक करायला हवं होतं. परवा सकाळी गौरी बुटाचे बंद बांधत बसली होती, तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. भागाकार, फाडलेला कागद, चौथी.

तिनं एक बूट बांधला. दुसरा हातात धरून म्हणाली, "सरांना माहीत होतं?"

"काय?"

"की तुम्ही आधीच भागून बघितल्तं."

"न्हाई."

"म्हंजे सर तुम्हाला समजावून राह्यले होते, अन् तुम्हाला आधीच समजलेलं होतं."

मी मान हलवली. ती उठली आणि एक बूट घातलेला, एक हातात, अशी आत गेली. तो दिवस आणि कालचा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मी सुनंदाला म्हणालो, तू सांग ना तिला. ती म्हणाली, "सांगनार न्हाई. दोन वर्षांचा राग आहे, त्याला दोन दिवस तरी द्या."

पंधरा वर्षांची पोरगी. स्वतःचं गेलं त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. तुम्हाला मी उगाच समजावायला लावलं, याचा तिला राग आला. शेठ, म्हणून हे लिहितो आहे. तुम्ही माझ्याशी वाद घालत होतात आणि मी वाद घालतच नव्हतो, मी फक्त दार लावून बसलो होतो. तुमचं बोलणं वाया गेलं नव्हतं. ते मला पटलेलंच होतं. एवढं तुम्हाला सांगायला हवं होतं.

आज सकाळी गौरी बोलली. "पप्पा, आता पुन्हा मापं घेनार ना?"

"रविवारी."

"माझे आकडे तुम्ही लिहायचे न्हाई. शेख काकांना सांगितलंय मी. टेप तेच धरतील, वहीत तेच लिहितील. अन् तुम्ही तिथं यायचं न्हाई बघायला, किती झाली म्हनून."

"बराबर आहे," मी म्हणालो.

एकूणचा रकाना यंदा मी आखलेला नाही. निवडीची वेळ येईल तेव्हा भांडू, मी आणि त्या मुली. तुमच्या बाजूनं बोलणाऱ्या पुष्कळ आहेत त्यांच्यात. उंचीसाठी नवा रकाना आखला आहे. भागायचं की नाही ते नावं झाकून ठरवू.

रविवारी बारा मुली उडतील. अकराजणींच्या वेळी मी टेपच्या टोकाशी गुडघ्यावर बसलेला असेन, डोळे टाचेवर, कारण माप टाचेपासून धरतात. बाराव्या वेळी टेप शेख भाईंच्या हातात देईन आणि लांब कुंपणाशी जाऊन उभा राहीन. तिथून आकडा दिसत नाही. तिथून पोरगी दिसते. सगळ्या वर्षांत गौरीनं किती उड्या मारल्या ते मी वहीतून सांगू शकतो, पण ती हवेत असताना कशी दिसते, ते मी अजून पाहिलेलं नाही.